ऋण, बलिदान आणि क्षमा

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की धर्मग्रामातील विचारी माणसे आम्हा धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारतात. देव जर दयाळू पिता आहे, तर मानवाच्या पापांची क्षमा करण्यासाठी क्रुसावरील रक्ताची गरज ती काय? आपला मुलगा चुकला तर बाप त्याला पोटाशी धरतो. त्यासाठी तो कोणाचा बळी मागतो काय? प्रश्न साधा आहे, परंतु तो ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याला हात घालतो. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील दोन ओळींच्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रोम किंवा येरुशलेम येथपर्यंत जावे लागते हे खरे. तथापि आमच्या पालघर जिल्ह्याच्या मातीतही त्याचे उत्तर समजून घेण्याची विपुल सामग्री आहे. गंजाड, डहाणू, तलासरी या परिसराचा इतिहास आणि वसईचा इतिहास एकत्र ठेवून वाचला, तर बलिदान म्हणजे काय आणि क्षमा म्हणजे काय हे दोन्ही अधिक स्पष्ट होते, असे आम्हास वाटते. तोच प्रयत्न येथे करीत आहोत.

गंजाडचा बळी

डहाणूचा किनारा आणि चिकूच्या वाड्या मागे टाकून पूर्वेकडे डोंगरांच्या दिशेने निघाले की गंजाड लागते. गावात वस्ती मुख्यत्वे वारली बांधवांची. याच गंजाडच्या कळंबीपाड्यात जिव्या सोमा मशे यांनी तांदळाच्या पिठाने रंगविलेली वारली चित्रे जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रात माणूस, झाड, पशू, पाखरू आणि देव एकाच भिंतीवर, एकाच पांढऱ्या रंगात नांदतात. त्यांच्यामध्ये भिंत नसते. वारल्यांचा धर्मही तसाच आहे.

नवे भात आले की ते देवाला दाखविल्यावाचून वारली तोंडात घालीत नाही. घरात दुखणे आले, पाऊस लांबला, वाघाचे भय वाटले की भगताला बोलावतात, नवस बोलतात, कोंबडा देतात. शहरी शिक्षण घेतलेले आपले काही ख्रिस्ती बांधव या प्रथांकडे पाहून हसतात. त्यांनी हसू नये, अशी आमची विनंती आहे. त्या कोंबड्याच्या मागे तीन जाणिवा उभ्या असतात. जे माझ्यापाशी आहे ते मूळचे माझे नाही, ही पहिली. माझ्या हातून किंवा माझ्या घरातून काहीतरी बिघडले आहे आणि ते सांधले पाहिजे, ही दुसरी. सांधण्यासाठी मला काहीतरी द्यावे लागेल, नुसत्या शब्दांनी भागणार नाही, ही तिसरी. ज्या माणसाला या तीन जाणिवा नाहीत, त्याला मिस्साबलिदानाचा अर्थ समजावून सांगणे अवघड असते. ज्याला त्या आहेत, तो अर्ध्या वाटेवर आधीच येऊन पोहोचलेला असतो.

आपल्या मराठी भाषेनेही हे शहाणपण जपले आहे. ‘बळी’ या एकाच शब्दात वेदीवर कापला जाणारा मुका पशूही आहे आणि बलिप्रतिपदेला ज्याचे स्मरण होते तो बळीराजाही आहे. पहिल्याला दुसरे कोणीतरी ओढत नेते. दुसरा तिसऱ्या पावलासाठी स्वतःचे मस्तक पुढे करतो. ओढून नेलेला बळी आणि स्वतः होऊन दिलेला बळी यांतील हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सारे विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

येरुशलेमचे मंदिर

इस्राएली लोकांच्या उपासनेत बलिदानाला मध्यवर्ती स्थान होते. वल्हांडणाचे कोकरू गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचे स्मरण करून देई. प्रायश्चित्तदिनी प्रमुख याजक वर्षातून एकदाच परमपवित्रस्थानी जाई आणि लोकांच्या पापांसाठी रक्ताचे सिंचन करी. त्याच दिवशी दोन बकरे आणले जात. त्यांपैकी एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून याजक लोकांची पापे कबूल करी आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात हा विधी सविस्तर दिलेला आहे. आपण व्यवहारात ‘बळीचा बकरा’ म्हणतो तेव्हा दुसऱ्याचा दोष निरपराध्याच्या माथी मारण्याचा हाच मानवी स्वभाव आपल्या मनात असतो.

परंतु त्याच जुन्या करारात संदेष्ट्यांचा निषेधाचा स्वरही ऐकू येतो. आमोस, होशेय, यशया, मीखा हे चौघेही ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातले. गरिबाला नाडून मिळविलेल्या पैशाने आणलेला बैल देवाला नको आहे, असे त्यांनी राजाला आणि याजकांना तोंडावर सुनावले. देवाला पशूंची भूक नाही. त्याला न्याय हवा, दया हवी. बलिदान बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हते. हात स्वच्छ करून या, एवढेच त्यांचे मागणे होते.

प्रभू येशू ख्रिस्त या संदेष्ट्यांच्या परंपरेत उभा राहिला आणि त्यांच्या पुढे गेला. बलिदानाची दिशाच त्याने पालटली. आजवर माणूस देवाला देत आला होता. आता देवाने माणसाला दिले. शेवटच्या भोजनाच्या रात्री भाकर आणि द्राक्षारस हाती घेऊन आपण स्वतःलाच देत आहोत, असे त्याने शिष्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी क्रुसावरून त्याने मारेकऱ्यांसाठी पित्याकडे क्षमा मागितली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सारा युक्तिवाद हाच आहे की, येथे याजक आणि बळी एकच आहेत आणि हे अर्पण एकदाच, सर्वांसाठी झाले आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने येरुशलेमचे मंदिर जाळले आणि तेथील पशुबली कायमचे थांबले.

मराठी भाषेत ही कथा विस्ताराने सांगण्याचा पहिला मान फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचा. १५७९ मध्ये ते गोव्यात आले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे प्रथम छापले गेले. कोकणातील नवख्रिस्ती माणसाला तारणाची कथा पुराणाच्या ओवीत ऐकता यावी, ही त्यांची तळमळ. ओवी निवडताना त्यांनी येथील माणसाच्या कानाचा आणि मनाचा आदर केला, हे विसरता येत नाही.

लग्नगड्याचे कर्ज

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्षमेसाठी किंमत का मोजावी लागावी?

प्रभू येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तीत ‘पाप’ आणि ‘कर्ज’ यांसाठी एकच शब्द वापरला जाई. म्हणूनच प्रभूने शिकविलेली प्रार्थना देताना संत मत्तय ऋणाचा शब्द वापरतो आणि संत लूक पापाचा. दहा हजार तोड्यांचे देणे माफ झालेला आणि तरीही शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरणारा चाकर, हा दृष्टान्तही सावकारीच्याच जगातला आहे. सुशिक्षित माणसाला ही केवळ उपमा वाटते. डहाणू-तलासरीच्या माणसाला ती उपमा वाटण्याचे कारण नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांनी ती अंगावर सोसली आहे.

स्वातंत्र्यापूर्वी या भागात लग्नगडी नावाची प्रथा होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून रक्कम घेई. ती फेडण्यासाठी तो त्याच्या शेतावर राबू लागे. नवी नवरीही त्याच्याबरोबर राबे. मजुरी इतकी तुटपुंजी, व्याजाचा हिशेब इतका सावकाराच्या मनासारखा आणि कर्जदार इतका निरक्षर की, देणे कधी फिटतच नसे. लग्नाच्या मांडवातून सुरू झालेली गुलामी जन्मभर चाले. मुंबई सरकारने १९३७ मध्ये नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल सादर केला, त्यात या वेठबिगारीची सरकारदरबारी नोंद झाली. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली वेठीविरुद्ध उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती ठार झाले. गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा सारा इतिहास लिहून ठेवला आहे. त्यांच्या विचारसरणीशी आमचे मतभेद असोत. त्यांनी पाहिलेले दुःख खरे होते, हे मान्य करण्यास आम्हास संकोच वाटत नाही.

अशा लग्नगड्यासमोर उभे राहून कोणी म्हटले, ‘जा, देवाने तुला मोकळे केले आहे,’ तर तो काय म्हणेल? सावकाराच्या वहीत अंगठा उमटलेला असताना शब्दांनी मोकळीक मिळत नाही. कोणीतरी ते देणे स्वतःवर घ्यावे लागते. सावकाराने स्वतःच कर्ज सोडले तरी किंमत चुकत नाही; ते नुकसान सावकाराला सोसावे लागते. कर्ज माफ होते म्हणजे ते हवेत विरून जात नाही. त्याचा भार फेडणाऱ्याच्या खांद्यावरून सोडणाऱ्याच्या खांद्यावर जातो. क्षमेचे मर्म हेच आहे. मुलाला पोटाशी धरणारा बापही मुलाने केलेली जखम आपल्या उरात जिरवीत असतो. बाहेरून ती आपल्याला दिसत नाही इतकेच. देवाने जी जखम आपल्या उरात जिरविली, ती कालवरी टेकडीवर सर्वांना दिसली. क्रूस म्हणजे देवाने मागितलेली किंमत नव्हे, तर देवाने मोजलेली किंमत होय.

संत मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू आपल्या मरणाविषयी बोलताना जो ग्रीक शब्द येतो, त्याचा अर्थ गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडविण्यासाठी भरलेली रक्कम असा आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘खंडणी’ हा शब्द रूढ झाला. आज खंडणी म्हटले की वर्तमानपत्रातील गुंडगिरी डोळ्यांसमोर येते. म्हणून तो शब्द वाचताना लग्नगड्याची सुटका मनात आणावी. ही खंडणी कोणाला दिली, यावर प्राचीन ख्रिस्तसभेत मोठा ऊहापोह झाला. तिसऱ्या शतकातील ओरिजनला वाटले की ती सैतानाला दिली गेली. नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांनी चौथ्या शतकात हा विचार झिडकारला. लुटारूला देव कसली किंमत देणार? १०९८ च्या सुमारास संत अन्सेल्म यांनी देवाच्या सन्मानाची भरपाई या अंगाने उत्तर मांडले. या पंडितांच्या वादात न शिरता आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या जुन्या करारातून हा शब्द आला त्यात सोडविणारा हा नेहमी जवळचा नातलग असे. भावकीतला माणूस कर्जापायी विकला गेला तर त्याला सोडवून आणणे हा नातलगाचा धर्म होता. मानव होऊन देव आपला नातलग झाला, यातच उत्तर आले.

माफी आणि परतफेड

येथे एक धोका आहे. सावकारही देवमंदिरात येऊ शकतो, गुडघे टेकू शकतो, पापनिवेदन करू शकतो. त्याला क्षमा मिळेल काय? आणि मिळाली तर लग्नगड्याच्या वहीचे काय?

ख्रिस्तसभेने हा प्रश्न टाळलेला नाही. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले तेव्हा नुसते अश्रू ढाळले नाहीत. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. जे परत करणे शक्य आहे ते परत न करता केलेला पश्चात्ताप हे ढोंग होय, असे संत अगस्तीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी बजावले. सोळाव्या शतकात स्पॅनिश वसाहतींत बार्तोलोमे दे लास कासास या डॉमिनिकन बिशपांनी तर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी नियमावलीच लिहिली. ती १५५२ मध्ये सेव्हिल येथे छापली गेली. ज्याने तेथील मूळ रहिवाशांना वेठीस धरले आहे त्याने त्यांना मुक्त करून लुबाडलेले परत करावे, मगच त्याला पापमुक्तीचे शब्द उच्चारावेत, असा तिचा आशय होता. लास कासास यांनी स्वतः तरुणपणी असे वेठकरी बाळगले होते आणि १५१४ मध्ये त्यांचा त्याग केला होता. आपल्या किनाऱ्यावर संत फ्रान्सिस झेवियर यांनीही १५४९ मध्ये होर्मुझला निघालेल्या फादर गास्पार यांना याच स्वरूपाची सूचना दिली. व्यापारी आणि अधिकारी यांची मिळकत कशी होते याची आधी चौकशी करा, मग पापमुक्ती द्या.

पापक्षमेचा संस्कार शतकानुशतके रूप बदलत आला आहे. २५० च्या सुमारास सम्राट डेसियस याच्या छळात अनेक ख्रिस्ती माणसांनी मूर्तीपुढे धूप जाळून जीव वाचविला. छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यावे काय, हा प्रश्न उभा राहिला. नोव्हेशियनचा गट म्हणाला, कदापि नाही. पोप कॉर्नेलियस आणि कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. कठोरांचा पराभव झाला आणि क्षमेचा विजय झाला. परंतु ती क्षमा स्वस्त नव्हती. पुढे आयरिश मठवासीयांनी खाजगी पापनिवेदनाची पद्धत रुजविली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून निदान एकदा करण्याचा नियम घातला. ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये पश्चात्ताप, पापनिवेदन आणि पापभरपाई ही पश्चात्तापी माणसाची तीन कृत्ये स्पष्ट केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ मध्ये आलेल्या नव्या विधीत समेटाच्या अंगावर भर दिला गेला. विधी पालटले, परंतु भरपाई कधीही वगळली गेली नाही.

नागासाकीच्या टेकडीवर

ज्याचे नुकसान झाले आहे त्याने क्षमा कशी करावी, हे शिकण्यासाठी आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसईला, जाऊ.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. पिता पोर्तुगीज, आई येथल्याच मातीतली. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकून किशोरवयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही म्हणून काही काळ व्यापार केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये फादर पीटर बाप्टिस्ट यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानमध्ये आले. राज्यकर्ता हिदेयोशी याचा संशय भडकला आणि १५९६ च्या अखेरीस त्यांना अटक झाली. सव्वीस जणांपैकी बहुतेकांचे कान कापून, भर हिवाळ्यात सर्वांना नागासाकीपर्यंत चालवीत नेले. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांच्यापैकी पॉल मिकी या जपानी येशूसंघीयाने क्रुसावरूनच प्रवचन केले आणि आपण हिदेयोशीला व आपल्या मृत्यूस कारण झालेल्या सर्वांना क्षमा करतो, असे जाहीर केले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद दिले. वसईचा सुपुत्र असा भारतभूमीत जन्मलेला पहिला संत ठरला.

येथे बलिदान आणि क्षमा एकाच क्रुसावर भेटतात. या सव्वीस जणांना ओढत नेले गेले, तरी ते बळीचे बकरे ठरले नाहीत. ज्याला मारणाऱ्याविषयी द्वेष उरलेला नाही, त्याचे मरण त्याचे स्वतःचे अर्पण होते.

हे सारे चारशे वर्षांपूर्वीचे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच काळातील एक उदाहरण देतो. केरळात जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया मध्यप्रदेशात उदयनगर परिसरात आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडविण्याचे काम करीत होत्या. बचत गट, बँकेची कर्जे, हक्कांची जाणीव हीच त्यांची साधने. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रवासात, बसमध्येच, त्यांची हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. कुटुंबाच्या रदबदलीमुळे तो मुदतीपूर्वी सुटला आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा तोही तेथे उपस्थित होता. मात्र हेही ध्यानात घ्यावे की क्षमा झाली म्हणून सावकारीविरुद्धचे काम थांबले नाही. मारणाऱ्याला क्षमा आणि अन्यायाला विरोध, हे दोन्ही एकाच हृदयात नांदू शकतात.

आपल्यापुढचे देणे

वेठबिगार मुक्तीचा कायदा १९७६ मध्ये झाला. लग्नगडी हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला आहे. तरीही दिवाळी आटोपली की डहाणू-तलासरीची, जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात आणि त्यांतील कित्येकांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. हिशेब कोणाच्या वहीत असतो हे सांगावयास नको. वसईपासून डहाणूपर्यंत आपल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरबांधणीत त्याच विटा लागतात आणि आपल्या वाड्यांत तेच हात राबतात.

म्हणून प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनास जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपली वहीसुद्धा तपासावी. कोणाची मजुरी थकली आहे काय? कोणाच्या अडचणीचा फायदा घेऊन आपण जागा, झाड किंवा श्रम स्वस्तात घेतले आहेत काय? भावकीतील वाटणीत बहिणीचा हिस्सा दाबला आहे काय? जे परत देता येईल ते देऊन मग यावे. आणि ज्याचे आपल्याकडे देणे आहे, पण जो खरोखरच देऊ शकत नाही, त्याचे देणे या पुनरुत्थान सणापूर्वी सोडावे. जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी गुलाम मुक्त होत आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाई. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये, इ. स. २००० च्या जुबिलीची तयारी करताना, गरीब राष्ट्रांची कर्जे कमी करण्याचे आवाहन जगाला केले, ते याच परंपरेतून. राष्ट्रांनी जे करावे असे आपणास वाटते, ते घराघरांत करता येते.

मिस्साबलिदानात आपण भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणतो तेव्हा गंजाडच्या वारल्याप्रमाणे आपणही कबूल करीत असतो की हे आमचे नाही. देव ते स्वीकारतो आणि त्याच ताटातून स्वतःला आपल्या हाती देतो. आपले न फिटणारे देणे त्याने स्वतःच्या अंगावर घेतले आहे. ज्याचे एवढे मोठे ऋण सुटले, त्याने शेजाऱ्याच्या लहानशा ऋणासाठी त्याचा गळा धरू नये, एवढीच त्या वेदीची आपल्याकडून अपेक्षा आहे.